मुद्दाम ठेवलेला दोष

सुरतेत दोष असलेला माल स्वस्त मिळतो. कापडात धागा सुटला, रंगाचा पट्टा उमटला, की तो ताका सेकंडमध्ये जातो आणि पर्वत पाटियाच्या मागच्या गल्ल्यांत वजनावर विकला जातो. माझे निम्मे ब्लाउज तिथलेच आहेत. म्हणूनच आमच्या घरात जेव्हा असा अ‍ॅम्प्लिफायर आला, की ज्यात दोष मुद्दाम घातलाय आणि त्या दोषाचेच जास्त पैसे घेतात, तेव्हा माझं डोकं फिरलं. अजूनही ते पुरतं जागेवर आलेलं नाही.

माझे यजमान लूममास्तर. तरुणपणी धुळ्याकडून सुरतेत आले ते थेट लूमच्या खात्यात, म्हणजे विणाईच्या कारखान्यात, उभे राहिले. आता पलसाण्याच्या पुढच्या एका खात्यात जातात. मी मराठी शाळेत शिकवते आणि दिवसभर घसा ताणते. ते मशिनींचं ऐकतात, मी पोरांचं ऐकते, असा आमचा संसार.

लूममास्तरचं अर्धं काम कानाचं. अख्खं खातं खडखडत असतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे ओठांनी आणि हातांनी बोलतात. पण त्यात एका मशीनचा ठेका चुकला की मास्तरची मान वळते. आवाज बदलला म्हणजे मशीन बिघडलं, पाना घ्यायचा आणि उघडायचं. बिघाड कानातही असू शकतो, हे त्या धंद्यात कुणाच्या मनातही येत नाही. कानात कापूस घालणाऱ्याला तिथे हसतात. कापूस घातला तर मशीन काय सांगतंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

या माणसाला व्यसन एकच, गाणी ऐकण्याचं. घरात सोफा नव्हता तेव्हापासून स्पीकर आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी तक्रार सुरू केली, की सेट मेलाय. झांज वाजत नाही, बाईचा गळा गोधडीखालून येतो. मग खात्यात करतात तेच घरी केलं. सेट उघडला, पुसला, वायरी बदलल्या, स्पीकर बदलले. मला तर सगळं लख्ख ऐकू येत होतं. मी म्हणाले, एकदा कान दाखवून या. त्यावर उत्तर आलं, "मना कानवर हाई घर चालस." नाचता येईना अंगण वाकडं, असं मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. घरात फळा नव्हता.

खरं सांगायचं तर मला सेटची फिकीर नव्हती. हा माणूस माझ्यापासून लांब चालला होता, त्याची होती. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. पाठमोरे असताना काही सांगितलं तर ते हवेत गेलं. तोंडाला मास्क बांधून फिरायचे दिवस आले तेव्हा तर ते सगळ्यांवर चिडलेले असायचे. म्हणायचे, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय. बाईच्या मनात पहिलं तेच येतं. त्यांनी पुन्हा पहिल्यासारखं माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या एखाद्या पेटीने ते होत असेल तर पेटीला माझी ना नव्हती.

म्हणून मी दुकानात बरोबर गेले. काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर होता, चालू केला की नळ्या आतून तांबूस पेटायच्या. दुकानदार गुजराती, बोलायला मऊ. म्हणाला, "बेन, आमां थोडुं डिस्टॉर्शन जाणीजोईने राख्युं छे. एनी ज मीठाश छे." म्हणजे मुद्दामच, आत आलेला सूर जसाच्या तसा बाहेर जात नाही. त्याला त्याच्याच वरच्या सप्तकातला पुसटसा सूर चिकटतो, अजूनही काहीबाही चिकटतं, आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. मी विचारलं, मग तो शेजारचा स्वस्तातला काय वाईट? तो माणूस निदान खोटं बोलला नाही. "मशीनथी मापो तो पेलो सारो. कानथी सांभळो तो आ." यंत्राने मोजलं तर तो चांगला, कानाने ऐकलं तर हा.

दोन्ही लावून दाखवले. मला स्वस्तातला बरा वाटला. गाणाऱ्याने श्वास घेतलेला त्यात कळत होता. महागातला गोड होता, पण साखर जरा जास्त झालेल्या बासुंदीसारखा. यजमान मात्र डोळे मिटून बसले आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला, की मला भरून आलं. "हाई खरं शे," ते म्हणाले. एका बऱ्यापैकी मोटारसायकलीच्या भावात आम्ही ते खरं घरी आणलं.

थोडे दिवस बरे गेले. ते हसायचे, मला शेजारी बसवून घ्यायचे. मी मनात म्हणाले, जाऊ दे, हौसेला मोल नसतं.

श्रावणात आमच्या सोसायटीत कानबाई देवी बसते. खानदेशातली सगळी घरं जमतात, रोटांचा स्वयंपाक होतो आणि बाया अहिराणीत गाणी म्हणतात. त्या वर्षी एक अख्खं गाणं मी एकटीने म्हटलं. शेजारणीने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी देवी बोळवून आम्ही घरी आलो आणि मी यजमानांना काही न सांगता ते त्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावलं. माझाच आवाज खोलीभर पसरला. ते मान डोलावत ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "कोण शे हाई बाई? गळा गोड शे." मी म्हणाले, तुम्हीच ओळखा. त्यांनी सोसायटीतल्या बायकांची एकेक करून नावं घेतली. माझं घेतलं नाही.

मला राग आला नाही, भीती वाटली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना ओढतच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. मग आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, एक फाइल माझ्या तोंडाआड धरली आणि म्हणाल्या, आता काहीतरी विचारा. मी विचारलं, आज भाजी काय करू? यजमान माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिले. फाइल खाली केली, मी तोच प्रश्न विचारला, लगेच उत्तर आलं, वांगी. बाईंनी सांगितलं, वरच्या पट्टीतलं जवळजवळ सगळं गेलंय. मशिनींच्या आवाजात आधी तेच जातं. बायकांच्या आणि लहान मुलांच्या आवाजाला जी धार असते ती त्यातच असते. जे गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळा.

तेव्हा मला ती पेटी समजली. त्यांच्या कानात जे उरलं होतं त्यावर ती थोडी साय धरत होती, म्हणून त्यांना ते दूध वाटत होतं. हल्ली गावाकडून कुणी आलं, त्या तांबूस नळ्या पाहिल्या, की विचारतं, घेण्यासारखा आहे का? मी सांगते, कान शाबूत असतील तर मजा म्हणून घ्या, आवडेल. पण आधी कान तपासून घ्या. लोकांना वाटतं, मास्तरीणबाई टोमणा मारतायत.

कानाचं यंत्र आणलं. ते लावून त्यांनी आधी पंखा ऐकला, मग नळाचं ठिबकणं ऐकलं, आणि वैतागून डोकं धरलं. मी समोर बसून सावकाश बोलले, काय बोलले ते आता आठवत नाही. ते दचकले. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "हाऊ तुना आवाज नही," ते म्हणाले. चिडून नाही, अगदी खात्रीने म्हणाले, मशिनीतला बिघाड सांगतात तसं. मी पुष्कळ समजावलं. बाईंनी सांगितलं होतं, सवयीला वेळ लागतो. त्यांनी वेळ दिला नाही. यंत्र डबीत गेलं, ते खात्यात जात राहिले, आणि संध्याकाळी पेटी चालू व्हायची.

अशाच एका संध्याकाळी ते ऐकत बसले होते. मी पुढ्यात जाऊन बसले, त्यांनी आवाज कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घशातून आवाज काढलाच नाही. फक्त ओठ हलवले. "तुमले मना आवाज याद शे का?"

त्यांना हसू आलं.

"याद काय करना शे? रोजच त आयकस मी."