अमावास्येच्या भरतीला लाँच किनाऱ्यावर चढवू नका

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगते. शाळा चौथीत सुटली. हा ब्लॉग मुलीने काढून दिला, शुद्धलेखनही तीच बघते, मी आपली बोलते तसं लिहिते. महाडच्या बाजूने खाडीच्या तोंडापर्यंत पाण्याने जायची ज्यांना हौस आहे त्यांनी वाचा, म्हणजे आमच्यासारखी फजिती व्हायची नाही.

निघालो आईसाठी. आई खाडीच्या तोंडाशी माझ्या माहेरच्या घरात एकटी राहायची. गावाचं नाव लिहीत नाही, ती चिडेल. पावसाळ्यात ओटीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. चालते आता काठी घेऊन, पण एसटीचा एक खड्डा सोसत नाही. मी तिच्या लँडलाइनवर सांगून टाकलं, "आता बिरवाडीला आमच्याकडेच राहायचं, लाँच घेऊन येतो." ती "बरं" म्हणाली. आई एवढ्या लवकर बरं म्हणाली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

लाँच आमच्या ह्यांची. हे पोलादपूरचे, सगळं आयुष्य घाटात ट्रक चालवण्यात गेलं. तुडीलच्या हसनभाईंकडून जुनी लाकडी लाँच घेतली, चांगली मोठी, वऱ्हाड बसेल एवढी. दिवाळीनंतरच्या अमावास्येला निघालो. महाडहून तुडीलला सहाआसनी रिक्षा मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. मी दोन सीटचे जादा पैसे देऊन हलवली.

हसनभाई धक्क्यावरच होते. म्हणाले, "बोट मोठी हाय, किनाऱ्याला नेऊच नका. खोल पाण्यात नांगर टाका आन् होडीनं उतरा. लावायचीच झाली तर आधी मागं नांगर सोडा, मग नाक वाळूला लावा. नांगराच्या दोरानं वढून परत निघते."

"घाटात भरलेला ट्रक लावलाय मी हसनभाई," हे म्हणाले. "ही तर लाकडाची."

प्रवास छान आहे, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडे खारफुटी, मध्येच एखादा बगळा, आणि आंबेतचा पूल खालून बघताना मान मोडते. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून न्या, वाटेत काही मिळत नाही. डिझेल एसटीच्या तिकिटाच्या कितीतरी पट जातं. बायकांनी चहा कमी प्यावा, का ते विचारू नका. मी अर्धा वेळ उभीच होते. "बसून घे, उभं राहून लवकर पोचणार नाहीस," हे दोनदा म्हणाले.

दुपारी पोचलो तेव्हा पाणी काठोकाठ. आमच्या घराखालच्या नारळीपर्यंत लाटा लागत होत्या. आई ओटीवर काठी टेकून उभी, आणि ओरडतेय, "वर घ्या, जावयबापू! अजून वर!"

ह्यांना चेव चढला. इंजिन जोरात मारून लाँच थेट नारळीला भिडवली. उडी टाकली, दोर झाडाला आवळला आणि ट्रकच्या चाकाला लावतात तशा दोन्ही बाजूंनी दगडांच्या उट्या लावल्या. नांगर लाँचमध्येच पडून. मी वर म्हणाले, "शाबास."

संध्याकाळी पाणी इतकं लांब गेलं की लाँच वाळूत कुशीवर कलली. "भरतीला उठेल," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आईची पिशवी भरून दारात ठेवली. भरती आली, पण सुकाणूपर्यंत पोचायच्या आधीच थांबली. तिसऱ्या दिवशी त्याहून लांब.

शेजारचा काशिनाथ मासळी घेऊन चालला होता. थांबून हसला. "ताई, लाँच डागडुजीला काढलीत काय?"

"नाही रे. का?"

"मग अमावास्येच्या पाण्यात एवढी वर कशाला चढवली? आता रोज पाणी कमी कमीच येणार. पुनवेच्या उधाणाला सुटली तर सुटली."

म्हणजे पंधरवडा! ह्यांचे ट्रक तिकडे, माझं घर तिकडे, मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर. मी तरातरा घरात गेले. "आई, तुला माहीत होतं?"

"माझा जन्म गेला हितं." ती तांदूळ निवडत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? फोनवर पण इचारलं नाय, नुसतं सांगितलंस. घर काय एका दिवसात सुटतं गो?"

मी दारातली पिशवी उचलून आत ठेवली.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आई रोज एक काम काढायची. कोंबड्या काशिनाथच्या बायकोला दिल्या. विळी घासून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. एक दिवस नुसती परसात बसली, मलाही बसवलं. मी पाच मिनिटांत उठले. "बस गो," म्हणाली. परत बसले.

पौर्णिमेच्या सकाळी काशिनाथ चार गडी घेऊन आला. लाँचखालची वाळू उपसली, ओंडके घातले. हसनभाईंनी सांगितलेलं आता झालं: ओहोटीतच नांगर लांब नेऊन रोवला आणि त्याचा दोर लाँचच्या मागच्या बाजूला बांधला. दुपारी पाणी चढलं. गडी दोर ओढतायत, हे चिखलात कंबरेपर्यंत. आई ओटीवर, या वेळी गप्प. लाँच दोनदा हलली आणि बसली. तिसऱ्यांदा करकरत मागे सरकली आणि तरंगली.

ह्यांनी ती खोल पाण्यातच नांगरावर उभी ठेवली, किनाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आईजवळ गेले. पिशवी उचलणार होते, पण तशीच ठेवली. लाँच सुटली होती, आता आई नाही म्हणाली असती तर रिकामीच न्यावी लागली असती. तरी विचारलं, "आई, येतेस का?"

तिने दाराला कडी घातली. "आता इचारलंस. चल."

काशिनाथने तिला उचलून होडीत बसवली.

आता ती बिरवाडीत आहे. खिडकीतून कारखान्याची धुराडी दिसतात, ती त्यांच्याकडे पाठ करून बसते. "अमावास्या कधी गो?" हे मात्र विचारत असते. लाँचचं बूड खरवडून रंग द्यायचाय, असं हे परवा म्हणाले. त्यासाठी ती उधाणाला वर चढवावीच लागते, म्हणजे पंधरवडा आईच्या नारळीखाली, इलाज नाही. आईने गाठोडं कालच बांधलं. मीही माझं बांधलंय, मला कोणी सांगितलं नव्हतं.