बोल्टांवरचं कुंकू

आमच्या घरात काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पन्नाशीनंतर जुनी जीप घेतली आणि दर रविवारी दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून ती चढवायला-उतरवायला लागले, तेव्हापासून या खात्याला सुट्टी म्हणून नाही. माणूस पाचोडचा, शेतकऱ्याच्या घरातला. वाळूजच्या कंपनीत खुर्चीत बसून बसून यांना माती आठवली असावी, असं मी लोकांना हसत सांगते. मला स्वतःला ते मुळीच पटलेलं नाही.

उन्हाळ्यात एका उतारावर जीपचा टायर रिमवरून निसटला. सुट्या दगडांवर पकड मिळावी म्हणून ही मंडळी टायरमधली हवा मुद्दाम कमी करतात, आणि हवा कमी झाली की टायरची कड रिमला धरून राहीलच असं नाही. जीप आडवी झाली. हे डावा हात प्लास्टरमध्ये घालून घरी आले आणि दारातच म्हणाले, "काय नाय झालं." त्या शब्दांची मला तेव्हापासून चीड आहे.

हात बरा झाल्यावर मी म्हटलं, गाडी विका. यांनी बीडलॉक चाकं मागवली. या चाकांवर बाहेरून एक जाड रिंग बसते. रिंग आणि रिम यांच्यामध्ये टायरची कड दाबायची, भोवतीनं बोल्टांची माळ आवळायची, मग हवा कमी केली तरी टायर निसटत नाही.

"आता तरी भीती गेली का नाय तुझी?" यांनी विचारलं.

गेली कुठली! उतारावरून उठून ती बोल्टांवर जाऊन बसली.

खंडेनवमीला दिवसभर अंगणात चाकं बसवणं चाललं होतं. एक बोल्ट थोडा आवळायचा, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधताना एकीकडून ओढलं की दुसरीकडे सैल पडतं, तसंच. ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की पाना 'टक्' वाजायचा. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. एखादा वाजला नाही असं वाटलं की हातातलं टाकून बाहेर.

"वाजला का तो?"

"वाजला गं बाई!"

दसऱ्याला औरंगपुऱ्यातून आणलेल्या झेंडूचा हार घालून गाडीची पूजा केली. पाण्यातलं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून सासूबाई नांगराला ते तेलात कालवून लावायच्या. मीही तसंच कालवलं. हे म्हणाले, बॉनेटवर स्वस्तिक काढ आणि मोकळी हो. पण माझा जीव बोल्टांत अडकलेला. उंबऱ्यावर ओढतो तशी बोटं मी एकेका बोल्टावर ओढली, रिंगेपासून सुरू करून बोल्टाच्या डोक्यावरून पलीकडे. चारही चाकं होईपर्यंत हे नारळ हातात धरून ताटकळत होते. मग त्याच गाडीतून आम्ही सोनं द्यायला पाचोडला जाऊन आलो.

नव्या चाकांचे बोल्ट थोडं पळणं झाल्यावर पुन्हा आवळून घ्यावे लागतात. मधलं रबर दबतं आणि पकड ढिली होते. मला ही माहिती यांनीच दिली होती. आणि रविवारी सकाळी स्वारी किल्ली फिरवत निघाली. लासूर स्टेशनकडच्या नदीपात्रात जायचं होतं, मित्रमंडळी नगर नाक्यावर येऊन थांबली होती.

"बोल्ट बघितले?"

"आल्यावर बघतो. लई घट्ट हायेत."

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"सगळे खोळंबलेत तिकडं. काय नाय होत."

मी जाऊन गाडीसमोर उभी राहिले. यांनी हॉर्न वाजवला. शेजारच्या काकू गच्चीत आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हलले नाही. काकूंची नजर चुकवायला खाली बघितलं, तर पुढच्या चाकावरची एक कुंकवाची रेघ तुटलेली. रिंगेवरचा तुकडा जागच्या जागी, बोल्टावरचा फिरलेला. शेजारच्या दोन बोल्टांचंही तेच.

"उतरा," एवढंच मी म्हणाले.

हे उतरले, वाकले, रेघेवरून बोट फिरवलं. मग पाना घेऊन आले. पहिला बोल्ट टक् वाजण्याआधी चांगलाच फिरला. ज्यांच्या रेघा सरळ होत्या, तेही थोडे थोडे फिरले. चारही चाकं झाली तेव्हा एकही रेघ धड उरली नव्हती. मधे फोन वाजला, तो यांनी घेतला नाही.

"कुंकू उरलंय का?" यांनी विचारलं. "ओढ परत. तिथं पोचल्यावर बघतो, निघताना बघतो."

मी वाटी आणली. जुन्या रेघा पुसून नव्या ओढायला लागले. हात मुद्दाम सावकाश चालत होता. तुटलेली रेघ दिसली तेव्हा मी घाबरले होते, आणि त्याच क्षणी मला हायसंही वाटलं होतं, की आता हे जाणार नाहीत, आजचा दिवस तरी माणूस घरात राहील. पण सगळे बोल्ट माझ्यादेखत टक् वाजले होते. अडवायला माझ्याकडे आता काही नव्हतं.

शेवटच्या बोल्टावर बोट ओढलं, ओढणीला हात पुसला आणि बाजूला झाले.