उद्योगाच्या खोलीतला डबा

"आता ती उद्योगाची खोली तरी मोकळी होईल. पाचवीचे बाक तिथं लावता येतील."

शाळेत आत्माराम गुरुजींची शोकसभा चालू होती, आणि माझ्या पुढच्या रांगेत बसलेले शाळा समितीचे अण्णा मुख्याध्यापकांच्या कानाशी लागून हे बोलले. मुख्याध्यापकांनी मान हलवली. "खरंय. लाकूडकाम शिकवणार तरी कोण आता?" मी मागेच बसले होते. काहीतरी बोलायला हवं होतं... मी पदर सारखा केला.

नवरात्राच्या आधी गुरुजी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बातमी आली तेव्हा मला रडू फुटलं, पण त्याच्या मागून कुठंतरी हायसंही वाटलं. वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता. करवत मुलांच्या हाती देऊन ते स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं धरून उभे राहत. अंथरुणाला खिळण्याची त्यांना फार भीती होती. तेवढं टळलं.

मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेली. वडिलांच्या बदलीमुळे पनवेलला आले आणि या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. माझं मराठी ऐकून मुलं हसायची, म्हणून मी वर्गात कमीच बोलू लागले. गुरुजींच्या ते लक्षात आलं असावं. एकदा म्हणाले, "बाई, शनिवारी उद्योगाच्या तासाला येत चला. करवतीच्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही."

त्या तासाला मुलं मिठाचे लाकडी डबे करत. बरीचशी मुलं मिठागरांवर काम करणाऱ्या घरांतली. मीठ लोखंड खातं हे त्यांना सांगावं लागत नसे. गुरुजी डबा नुसता बघून गुण कधीच देत नसत. आधी तो आठवडाभर घरी वापरायचा, आणि मग घरची माणसं काय म्हणाली ते वर्गापुढे उभं राहून सांगायचं. ओवे गावातली जनी एकदा ठसक्यात म्हणाली, "आय बोलली, डबा चांगला हाय, पन मीठ त्याच्यात थांबत नाय!" सगळ्यांत मोठ्यानं हसले ते गुरुजी. मग जनीला त्यांनी फळी पुन्हा तासायला बसवलं.

गेल्या उन्हाळ्यात मीही एक डबा केला, सरकत्या झाकणाचा. झाकण इतकं नेमकं बसवलं की केसभर फट राहिली नाही. गुरुजींनी तो हातात फिरवून बघितला आणि तसाच परत दिला. मी त्यात खडू ठेवले. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि खडू आतच राहिले. नियम मलाही होता. मी वर्गापुढे उभी राहिले आणि सांगितलं, "डबा उघडत नाही."

"बाई, तुमचा डबा तुमच्यावानीच हाय," जनी म्हणाली, "तोंड उगडत नाय!"

वर्ग खिदळला... आणि मीही. त्या शाळेत मी पहिल्यांदाच मोकळी हसले. गुरुजी म्हणाले, "माझा पहिला डबा असाच अडकला होता. आमच्या हिनं तो बत्त्यानं फोडला. तुम्ही फोडू नका. दिवाळीपर्यंत थांबा, लाकूड सुकलं की सरकेल."

दिवाळी काही त्यांना दिसली नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी अण्णा दोन गडी घेऊन खोली रिकामी करायला आले. मुख्याध्यापकांनी कुलूप काढलं. मी माझा डबा आणायला आत गेले. दाराशी जनी आणि तिच्या वर्गातल्या मुली दाटीनं उभ्या होत्या. मी टेबलावरचा डबा उचलला, सवयीनं झाकणावर अंगठा टेकवला, आणि ते सरकलं. सहज, आवाजही न करता. खडू होते तसे होते.

"बाई, तेवढा डबा घ्या नि जरा बाजूला व्हा," अण्णा म्हणाले. एक गडी करवतींच्या खुंटीकडे निघाला होता.

मी डबा होता तिथंच, गुरुजींच्या टेबलावर, परत ठेवला.

"अण्णा, करवती तिथंच राहू द्या. शनिवारचा तास मी घेणार आहे."