गोलकीपर कुणाशी बोलतो

तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, तरी सोलापुरात चार पोरं एकत्र उभी राहिली की लोक वळून बघायचे. त्याच सुमारास शिक्षकांच्या आमच्या छोट्या ट्रेनिंग कॉलेजात फुटबॉलचा संघ निघाला. मी करकंब गावचा, अंगानं दणकट, म्हणून मला बॅकला उभं केलं. पहिल्या हंगामात आम्ही सगळे सामने हरलो. दुसऱ्या हंगामात मी कॅप्टन झालो.

तेव्हापासून मैदानाच्या कडेला एक माणूस येऊन बसू लागला. साधा कोट, डोक्याला रुमाल, पायांत मात्र पोलिसाचे बूट. आम्ही खेळायचो आणि तो वहीत लिहायचा. आमच्यातल्या दोघांनी आदल्या वर्षी सरकारविरोधी पत्रकं वाटली होती. ते याला कुणी सांगितलं, या विचारानं आम्ही एकमेकांकडे बघू लागलो.

एका रविवारी सात रस्ता चौकात, चहाच्या दुकानात, मला आमचा गोलकीपर त्याच माणसाशेजारी दिसला. विणकराच्या घरचा हा मुलगा. घरी तेलुगू, आमच्यात मोजकं मराठी. पाण्यात बोट बुडवून तो टेबलावर काहीतरी काढून दाखवत होता. मला वाटलं, आमच्या वसतिगृहाचा नकाशा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी विचारलं, "काय सांगतोस त्याला?"

"खेळ सांगतो," तो म्हणाला.

कुणाचाच विश्वास बसला नाही. पुढच्या सामन्यात मी त्याला घेतलं नाही. गिरणीच्या संघानं आमच्यावर सहा गोल चढवले.

सामना संपल्यावर तो पोलीस थेट माझ्याकडे आला. "तुमचा गोलकीपर कुटं हाय?"

मी वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागलो.

"तुमी वरडत हुता, डावीकडनं हल्ला करा म्हणून. मी तसंच लिवलं. सायेब म्हनला, खोल्यांची झडती घ्या. त्या पोरानं मला मैदान काढून दावलं, हल्ला म्हंजी काय ते सांगितलं. मग मी रपोट बदलला."

ऐकतानाही मला वाटत होतं, की हा आपल्या खबऱ्यावर पांघरूण घालतोय. पण झडती खरंच झाली नव्हती. दोन दिवसांनी मी गोलकीपरच्या घरी गेलो. तो हातमागावर विणत होता. मी चुकलो म्हणालो. त्यानं धोटा थांबवला नाही.

"येतो," तो म्हणाला. "पण मी कुणाशी बोलतो, हे परत विचारायचं नाही."

पुढच्या सामन्यात त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. आमचाही झाला नाही. संघाच्या जन्मापासून आम्ही पहिल्यांदाच न हरता परतत होतो. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायला हात पुढे केले, तर तो बाजूला सरकला आणि बूट हातात घेऊन एकटाच घराकडे चालू लागला. त्याच्या मागे जावं असं फार वाटलं. पण त्याला वाटलं असतं, मी पाळत ठेवतोय. म्हणून थांबलो.