तांबरमच्या फायनलला मी गेलोच नव्हतो

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही बसत नाही. गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात माझी नोकरी झाली. जे मोजता येत नाही ते माझ्या टेबलावरून पुढे जात नसे. या ग्रुपवरचे विहिरीचे, पिंपळाचे आणि पांढऱ्या साडीचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो आणि नातीला म्हणतो, "या लोकांना जरा वेळेवर जेवायला सांग." तरीही आज मी स्वतः लिहायला बसलोय. माझ्या अनुभवात स्मशान नाही, अमावस्या नाही. आहे ते भर उन्हातलं — फुटबॉलची एक मॅच आणि गच्चीवरच्या कुरडया. आणि यात जे भूत आहे ते... हसू नका... ते मीच आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीचा फुटबॉल संघ. मॅच हरली की त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. नोकरीने मला चेन्नईत आणून टाकलं, मुलगा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये लागला, आणि निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको तिथल्याच तांबरम उपनगरात राहिलो. दोन हजार सालानंतरची, म्हणजे साध्या बटणांच्या मोबाइलच्या दिवसांतली ही गोष्ट.

तांबरमला रेल्वेलाइनच्या पलीकडे लाल मातीचं एक ग्राउंड होतं. तिथे 'मुल्लै' नावाचा क्लब खेळायचा. स्थानिक लीग, पोरं कॉलेजची आणि कारखान्यांतली. मी पहिल्याच मॅचला जाऊन "चांगभलं!" ओरडलो आणि त्या दिवसापासून अख्ख्या गॅलरीत माझं नाव 'कोल्हापूर' पडलं. गॅलरी म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी आला नाही तर त्याची जागा रिकामी ठेवायची, दुसऱ्याने बसायचं नाही, असा आमचा रिवाज. माझी जागा बेंचच्या बरोबर मागे. माझ्या शेजारी गोविंदराव — तंजावरच्या मराठी घराण्यातले, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. खालच्या पायरीवर मणी, रिक्षावाला.

आणि आमच्या समोर, बेंचवर, मास्टर, म्हणजे क्लबचे कोच. प्लेअर कोण खेळवायचे, कसे खेळवायचे, बूट कुठून आणायचे, सगळं तेच बघायचे. बायको वारलेली, मुलगी त्रिचीला दिलेली. क्लबच्या ऑफिसमागच्या एका खोलीत राहायचे. क्लब हेच त्यांचं घर होतं, हे मुद्दाम सांगतोय.

आता मुद्दा असा की मुल्लै काहीच जिंकत नव्हता. खेळ सुंदर... छोटे छोटे पास, बघत राहावं असे. पण कप? मॅचनंतर चहाच्या दुकानात रोज हेच भांडण.

"सार, मास्टरनी पोरांना खेळायला शिकवलं," मणी म्हणायचा.

"शिकवलं ना! आता जिंकायला कोण शिकवणार? ट्यूशन लावायची?" मी म्हणायचो.

"कपाट उघडलं तर पाल बाहेर येते, कप येत नाही," गोविंदराव म्हणायचे.

"अय्या, असं कसं? शिस्तीचा कप आहे की! सगळ्यांत कमी फाउल!" मणी म्हणायचा.

"अरे, फाउल करायला समोरच्याच्या जवळ पोचावं लागतं!" मी म्हणायचो.

चहावाल्यासकट सगळे हसायचे. माझा सगळ्यात मोठा राग दुरैवर. दुरै हा आमचा मिडफिल्डर. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. त्याच्यापेक्षा बस पकडणारी म्हातारी जोरात पळते, असं मी गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचो. माझी तमिळ मोडकी, पण शिव्यांपुरती व्यवस्थित होती. मास्टर मात्र दुरैला बाहेर काढत नसत. आणि मी त्यांच्या डोक्यामागे बसून, मॅच सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, त्यांना ते ऐकवत असे. वर्षानुवर्षं.

त्या वर्षी कसं कोण जाणे, आम्ही फायनलला पोचलो. कमिटीने आदल्या दिवशी सगळ्या सपोर्टरांना बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या हरलो तर मास्टरला निरोप द्यावा, असा विचार आहे. तुमचं काय मत?"

मी उभा राहिलो. "हरायची वाट कशाला बघायची?" म्हणालो. "आजच द्या. हा माणूस बेंचवर असेल तर मी उद्या येणारसुद्धा नाही."

चार-पाच जण हसले. मग हसणं एकदम थांबलं, म्हणून मी मागे बघितलं. दारात मास्टर उभे होते, खांद्यावर बॉलची जाळी. त्यांनी जाळी कोपऱ्यात ठेवली. "सार, चहा घेतला का?" एवढंच मला विचारलं आणि मागच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच गेलो नाही. हट्ट म्हणा, लाज म्हणा. शैलाने — माझ्या बायकोने — गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. चेन्नईच्या उन्हात दुसरं काही चांगलं होत नसेल, पण कुरडया झकास वाळतात. फक्त तिथले कावळे महाबिलंदर. तेव्हा मी डोक्यावर छत्री आणि हातात वेळूची काठी घेऊन गच्चीवर बसलो. दुपारभर. इथे कुणी म्हणेल, आजोबांना डुलकी लागली असेल. नाही. शैला मध्येच ताक घेऊन आली, मग उरलेला चीक घालायला आली, आणि मी दरवेळी जागा होतो. एकही कुरडई कावळ्याने नेली नाही, हाही पुरावा धरा.

एकच विचित्र गोष्ट झाली. ऊन जरा कलतं झालं तेव्हा मला अचानक, काही कारण नसताना, अतोनात आनंद झाला. छाती धडधडायला लागली. शैला म्हणाली, "काय हो, एकटेच काय हसताय?"

मी सांगायला तोंड उघडलं... आणि आवाजच फुटेना. दुपारभर मी "हाड्" यापलीकडे बोललो नव्हतो, आणि घसा असा बसलेला, जणू अख्खी पेठ मी एकट्याने जागवली होती.

संध्याकाळी गल्लीत ढोल वाजू लागले. टेम्पो भरून माणसं आली. वर दुरै, त्याच्या डोक्यावर कप उलटा घातलेला! काही कळायच्या आत मणीने मला खांद्यावर उचललं. "कोल्हापूर सार! सांगबलम्! सांगबलम्!" सगळी गल्ली ओरडत होती.

गोविंदराव माझे हात धरून रडत होते. "अहो कोल्हापूर, काय केलंत तुम्ही! अस्की लोक ओरडूलेत — काढ दुरैला, काढ दुरैला! आणि तुम्ही एकटे उठून उभे!" त्यांची मराठी तंजावरची ('अस्की' म्हणजे सगळे), आनंदात ती जास्तच तंजावरी व्हायची.

मी मान हलवत होतो. नाही, नाही. त्यांना वाटलं, विनय.

शैला खाली आली. तिच्या तमिळमध्ये तिने ठणकावून सांगितलं, "हे दुपारभर इथेच होते!"

"अम्मा," मणी म्हणाला, "आत्ता इथे आहेत. मघाशी तिथे होते!" पुन्हा हशा, पुन्हा ढोल.

मग गोविंदरावांनी जे सांगितलं, ते नंतर निदान वीस जणांनी मला तसंच्या तसं सांगितलं. मॅच सुरू होताना माझी जागा रिकामी होती. आम्ही एका गोलने मागे पडलो. मध्यंतरानंतर बघतात तर मी माझ्या जागेवर! गळ्यात माझा नेहमीचा लाल पंचा. गोविंदरावांच्या पुडीतला सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, मी खाल्ला, निम्म्याहून जास्त. एक शब्द बोललो नाही. गॅलरी दुरैच्या नावाने बोंबलत होती. सेक्रेटरी स्वतः बेंचपाशी जाऊन मास्टरना म्हणाले, त्याला काढा. मास्टर उठले. बदलीच्या पोराला उभं केलं, रेफ्रीला खूण करायला हात वर नेला...

आणि मी उठलो म्हणे. पंचा फिरवला आणि ओरडलो, "चांगभलं! मास्टर, तुमचं बरोबर आहे! राहू दे त्याला!"

मास्टरांनी वळून बघितलं. आणि हात खाली घेतला.

दुरै राहिला. पुढचे दोन्ही गोल त्याच्याच पासवर झाले. पळाला नाही, जागचा फारसा हललासुद्धा नाही. नुसती मान वर करून त्याने बॉल असा सोडला की समोरचे चार जण एकमेकांकडे बघत राहिले. हे मी ऐकून सांगतोय. बघितलं नाही, याचं दुःख अजून आहे.

आवाज परत आल्यावर मी खरं सांगायला तडक चहाच्या दुकानात गेलो. तिथे सेक्रेटरी आधीच बसलेले. "कोल्हापूर सार, मास्टर आता कुठेही जात नाहीत," ते म्हणाले. "तुमच्यासारखा विरोधक सगळ्यांसमोर त्यांच्या बाजूने उभा राहिला, तिथे कमिटीचं काय चालणार?"

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मास्टरांची खोली माझ्या गप्प बसण्यावर टिकणार असेल तर गप्प बसावं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. गॅलरीत लोक उठून मला वाट द्यायला लागले. नवीन पोरं पाया पडायला लागली. दरवर्षी त्या फायनलची गोष्ट निघायची आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. हळूहळू मीसुद्धा ती गोष्ट सांगायला लागलो — पंचा कसा फिरवला, यासकट. शैला तेवढ्यापुरती उठून आत जायची.

तिला मी एकदा विचारलं, "तुला काय वाटतं, काय झालं असेल?"

"मला काय माहीत? पण जो गेला होता तो तुमच्यापेक्षा शहाणा होता," ती म्हणाली.

पुढे काही वर्षांनी मास्टरांचे गुडघे गेले. क्लबने त्यांना मानाने निरोप दिला आणि मुलगी त्यांना त्रिचीला न्यायला आली. मी तांबरम स्टेशनवर पोचवायला गेलो. मुलगी सामान लावत होती, मास्टर खिडकीशी बसले होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. कुरडया म्हणजे काय ते समजावताना फार वेळ गेला.

मास्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे, सार."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्याच क्षणी. मी वळून बघितलं ना. चेहरा तुमचा, पंचा तुमचा. पण सार, तुम्ही इतकी वर्षं माझ्या मागे बसलात. एकदा तरी माझ्याबद्दल चांगला शब्द काढलात? म्हटलं, हे आपले सार नव्हेत."

मला कुठे बघावं कळेना. ते मात्र पोट धरून हसत होते.

"मग... माहीत होतं तर दुरैला ठेवलंत का?"

मास्टर हसायचे थांबले. "मी त्याला काढणारच होतो. पहिल्यांदाच माझा धीर सुटला होता. वाटलं, एवढे सगळे म्हणतात, तर मीच चुकत असेन. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, तुमचं बरोबर आहे. मराठी मला येत नाही, सार. पण त्या आवाजावरून कळलं. कोण म्हणालं ते विचारायला वेळ कुठे होता?"

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालायला लागलो. एवढी वर्षं पोटात असलेलं काहीतरी एकदम वर आलं, आणि त्या गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मास्टर! तुमचं बरोबर होतं! चांगभलं!"

हमाल थांबले. एक बाळ रडायला लागलं. आणि पुढे गेलेल्या खिडकीतून मास्टरांनी अर्धं अंग बाहेर काढलं. मुलगी मागून त्यांना ओढत होती आणि ते हात हलवत मला ओरडून सांगत होते —

"हाच, सार! हाच आवाज होता! त्या दिवशी हाच आला होता!"

मी स्टेशनवरून घरापर्यंत चालत आलो, आणि वाटभर हसत होतो.

तर मुल्लैच्या पोरांनो, तुमच्यापैकी कुणाला मराठी येणारं भेटलं तर हे वाचून घ्या. त्या फायनलला मी नव्हतो. मास्टरना वाचवणारा कुणी दुसरा होता, किंवा स्टेशनवर ओरडलेला मीच होतो आणि मला पोचायला उशीर झाला. माझ्या हिशोबात दोन्ही बसत नाही. शैलाला अजून विचारलं तर ती एवढंच म्हणते की कुरडया त्या वर्षीसारख्या पुन्हा कधी झाल्या नाहीत.