शनवाऱ्यातला अर्धा तास

रावेर सोडलं आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. मन काही रमेना. बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात मामा अंथरुणाला खिळलेले. तापी एकदा डोळे भरून पाहायची, एवढंच त्यांचं मागणं होतं आणि रिक्षाचे धक्के त्यांना सोसणारे नव्हते. सकाळी माझ्या गाडीतून घाटावर नेतो, असा शब्द मी दिला होता. त्यांच्या घरी पाहुण्यांची दाटी, म्हणून मुक्काम बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्यातल्या लॉजवर केला.

सकाळी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. नवी बॅटरी आठवड्यात तिसऱ्यांदा उतरली होती. जवळचे इलेक्ट्रिशियन रमेशभाऊ आले. दुसरी बॅटरी लावून गाडी चालू करून देतो, दोष संध्याकाळी शोधू, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. मामांना घेऊन वाटेतच बंद पडली तर? दुधानं तोंड पोळलेला मी, ताकही फुंकून पिणारा.

गाडी कुठंतरी करंट पिते (बंद असतानाही बॅटरी खाते), असा त्यांचा अंदाज. बॅटरीची एक वायर सोडवून त्यांनी मध्ये मीटर जोडला आणि सगळी दारं लावली.

"आता अर्धा घंटा गाडीले झोपू द्या, भाऊ. जागी गाडी खोटं बोलते." गाडीतली यंत्रणा पूर्ण थंडावल्याशिवाय मीटरचा आकडा खरा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

मी समोर मावा जिलबी (खव्याची, काळपट) खात बसलो. तेवढ्यात मामीचा फोन आला.

"मामा शांत झाले. आता घाई नको करू, सावकाश ये."

रात्रभर ते तळमळत होते, म्हणजे डोळा लागला असणार. मला बरं वाटलं. मी आणखी जिलबी मागवली.

परतलो तेव्हा रमेशभाऊ एकेक फ्यूज काढून पाहत होते. एक काढताच मीटरवरचा आकडा शून्याजवळ आला. प्रवास टिपायला मी हौसेनं बसवलेला कॅमेराच करंट पीत होता. खुशीत मी त्यांना सांगितलं, मामाही शांत झाले, आता वेळच वेळ आहे.

त्यांनी फ्यूज खाली ठेवला.

"भाऊ, म्हाताऱ्या माणसाले आम्ही शांत झाले म्हणतो, म्हंजे ते गेले."

दुपारी मामा तापीवर गेले, चौघांच्या खांद्यावर.

बुऱ्हाणपुरात काय पाहिलंस, असं घरी सगळे विचारतात. मी मीटर पाहिला. रमेशभाऊंचं ऐकून तेव्हाच निघालो असतो, तर कदाचित मामांना नदी दिसली असती. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही.