माझं कारण बाल्यानं नेलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ह्या येडेपणात दुसऱ्या कुणाची तिळभर चूक न्हाई. सगळा माझाच. चहा निवायच्या आत सांगून टाकतो.

मी जळकोटकडचा. लातुरात राहून डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा दिली, दोनदा आपटलो आणि शेवटी बीएला आलो. पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञानाचा एक पेपर होता. तो मला लई आवडला, म्हणून दुसऱ्या वर्षी तोच मुख्य विषय घ्यायचं ठरवलं. पण तेवढ्यात पोरांत कुणीतरी उठवून दिलं की स्पर्धा परीक्षेला ह्याचाच सिलॅबस सगळ्यात छोटा. झालं! जिथं ह्या विषयाचे सर पोरं शोधत फिरायचे, तिथं वीस जागांना पंचवीस अर्ज.

सरांनी नोटीस लावली. 'मी तत्त्वज्ञान का घेतो' ह्यावर एक पान लिहून आणायचं, मग ते एकेकाला बोलावणार. ज्याचं पटणार न्हाई तो इतिहासाला. इतिहासानं माझं काही घोडं मारलं नव्हतं, पण मला तत्त्वज्ञानच पाहिजे होतं.

माझं पान मी एका बैठकीत लिहिलं. लातुरात भेटेल तो माणूस आधी मार्क विचारतो. घरमालक विचारतो, मेसवाल्या मावशी विचारतात, न्हावीसुद्धा मान वाकवून विचारतो, "किती पडले?" तत्त्वज्ञानाच्या पहिल्या तासाला सरांनी विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून घेतो, असं लिहिलं. वाचून माझेच डोळे भरून आले.

तिथंच गप बसायचं ना? पण न्हाई. मी ते पान मित्रांना वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी रूमवर रांग लागली. प्रत्येकाला एकच म्हणणं, "आपलंबी लिहून दे की."

मी म्हणलं, "खरं कारण सांगा, मग लिहितो."

एक म्हणला, "इतिहासाच्या फॉर्मच्या खिडकीवर लई गर्दी हुती."

मी लिहिलं, 'गर्दीची वाट मला कधी आपली वाटली नाही.'

रांगेतल्या एका पोरीनं सांगितलं, "ह्याला प्रॅक्टिकल नसतं ना."

मी लिहिलं, 'प्रयोगशाळेत न सापडणारं सत्य मला शोधायचं आहे.' ती पान घेऊन जाताना इतकी गंभीर झाली की मलाच भीती वाटली.

शेवटी उरला बाल्या. बालाजी, माझा रूममेट. निलंग्याकडचा, देवमाणूस.

"बाल्या, तू का घेतलं रे?"

"तू घेतलंस म्हणून."

आता ह्याचं काय करता? मी तासभर डोकं खाजवलं. 'मैत्री' लिहिलं, खोडलं. 'सहप्रवास' लिहिलं, तेबी खोडलं. बाल्या बिचारा समोर बसून माझ्याकडं बघत राहिला. ह्याला इतिहासाला धाडून आपण एकट्यानं वर्गात बसायचं, हे काही मनाला पटेना. म्हणलं, आपण लिहिणारे, आपल्याला दुसरं सुचंल. आणि माझं पान बाल्याला देऊन टाकलं. त्यानं ते आपल्या अक्षरात उतरवलं. स्वतःसाठी मी दुसरं लिहिलं, त्यात विश्व, मानव आणि अस्तित्व असं सगळं भरलं.

माझा नंबर सगळ्यात शेवटी होता. एकोणीस जागा भरल्या होत्या, बाल्याची धरून. सरांनी माझं पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे भाषण झालं रे. तू का घेतोस, ते सांग."

सर इतकं मायेनं बोलले की मला खोटं बोलवेना. घडाघडा खरं ते सांगितलं. घरमालक, मावशी, न्हावी, सगळे आले.

सरांनी परत चष्मा लावला. गठ्ठ्यातून बाल्याचं पान काढून माझ्यापुढं सरकवलं.

"न्हावीसुद्धा त्याचाच उचललास?"

ते पान माझं हाय म्हणावं, तर बाल्याची जागा जाते. खाली मान घालून म्हणलं, "चुकलं सर."

सर मनानं लई मोठे. म्हणले, "विसावी जागा तुला देतो, पण एक अट हाय. बालाजीच्या शेजारी बसायचं. दर शनिवारी त्यानं तुझी वही बघून एका ओळीचा शेरा लिहायचा. स्वतःचा विचार कसा करतात, ते शिक त्याच्याकडून."

पहिल्या शनिवारी बाल्या पेन घेऊन अर्धा तास वहीकडं बघत बसला. मग हळूच म्हणला, "काय लिहू रे? मला काही सुचंना."

मी म्हणलं, "आण इकडं. मी सांगतो, तू तुझ्या अक्षरात लिही."

सोमवारी सरांनी तो शेरा भर वर्गात वाचून दाखवला. 'मुलगा मेहनती आहे, पण स्वतःचं डोकं वापरायला घाबरतो.'

"बघा," सर म्हणले, "बालाजीनं एका ओळीत माणूस ओळखला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. वाक्य जमलंच होतं तसं.